‘व्हेजी डे’: एका वाक्याचं प्रकरण

५ ऑगस्ट २०१३, सोमवार. जर्मनीत भर उन्हाळा, संसदेला सुट्टी, अर्धा देश समुद्रकिनारी गेलेला आणि वर्तमानपत्रांकडे बातम्यांचा दुष्काळ. या दिवसांना जर्मनांनी नावच ठेवलं आहे, ‘झोमरलोख’, म्हणजे उन्हाळ्यातला खड्डा. त्या दिवशी ‘बिल्ड’ या देशातल्या सर्वाधिक खपाच्या दैनिकाने ठळक मथळा दिला: ग्रीन पक्षाला आपलं मांस बंद करायचंय! बुंडेस्टागची, म्हणजे तिथल्या लोकसभेची, निवडणूक २२ सप्टेंबरला होती. मधे जेमतेम सात आठवडे उरले होते.

मांसबंदी कोणी मागितलीच नव्हती. पर्यावरणवादी ग्रीन पक्षाने एप्रिलच्या अखेरीस बर्लिनच्या अधिवेशनात तीनशेहून अधिक पानांचा जाहीरनामा मंजूर केला होता. त्यात शेती आणि अन्नाच्या प्रकरणात कुठेतरी दोन वाक्यं होती. सार्वजनिक कॅन्टीननी पुढाकार घ्यावा. शाकाहारी आणि व्हीगन पदार्थ, तसंच एक ‘व्हेजी डे’, म्हणजे मांसाशिवायचा दिवस, हे तिथे ‘स्टँडर्ड’ व्हावं. घरातल्या स्वयंपाकाबद्दल, खाटकाच्या दुकानाबद्दल, हॉटेलांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. आठवड्यातला वार कोणता तेही ठरवलेलं नव्हतं. तीन महिने ही वाक्यं तिथेच पडून होती आणि कोणी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

माणसांनी मांस कमी खावं यासाठी झालेल्या मोहिमांचा इतिहास मोठा आहे. इंग्लंडमध्ये १८४७ साली शाकाहारी मंडळ स्थापन झालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या अन्न प्रशासनाने हर्बर्ट हूव्हर यांच्या नेतृत्वाखाली मंगळवारी मांस टाळायची हाक दिली, आघाडीवरच्या सैन्याला आणि मित्रराष्ट्रांना अन्न पाठवता यावं म्हणून, आणि लाखो घरांनी ती मानली. पण एकच प्रकरण सविस्तर तपासायचं तर मी जर्मनीचं घेतो. इथे मागणी अगदी लहान होती, कारणं भक्कम होती, वेळही अनुकूल वाटत होती. तरीही ती इतक्या वाईट रीतीने फसली की पुढे दहा वर्षं त्या पक्षातला प्रत्येक नेता ताट हा शब्द उच्चारताना आधी चार वेळा विचार करत राहिला. मांस कमी खाल्लं जावं असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच हे अपयश नीट समजून घ्यावंसं वाटतं.

कल्पना आली कुठून

ग्रीन पक्षाच्या बाजूने आधी बघू. त्या काळात जर्मन माणूस वर्षाला सुमारे ६० किलो मांस खात होता. म्हणजे आठवड्याला साधारण ११५० ग्रॅम. जर्मन पोषण संस्थेची त्या वेळची शिफारस होती आठवड्याला ३०० ते ६०० ग्रॅम. वरची मर्यादा धरली तरी लोक जवळपास दुप्पट खात होते. देशात वर्षाला साडेपाच कोटींहून अधिक डुकरं कापली जात होती. त्यांच्या खाद्यातला सोया ब्राझील आणि अर्जेंटिनातून जहाजाने यायचा. फेख्टा आणि क्लोपेनबुर्ग या लोअर सॅक्सनीतल्या जिल्ह्यांत जनावरं इतकी दाटीने पाळली जातात की त्यांचं शेण-मूत्र जिरवायला तिथली जमीन पुरत नाही. भूजलात नायट्रेट उतरतं. याच कारणासाठी युरोपीय न्यायालयाने २०१८ साली जर्मनीला दोषी ठरवलं, पण प्रश्न २०१३ मध्येही सगळ्यांना ठाऊक होता.

जानेवारी २०१३ मध्ये पक्षाशी संलग्न हाइनरिख ब्योल प्रतिष्ठानाने ‘बुंड’ या पर्यावरण संघटनेला सोबत घेऊन मांसाचा अ‍ॅटलास प्रसिद्ध केला. त्यातला एक हिशेब देशभर गाजला. एक जर्मन माणूस जन्मभरात १०९४ प्राणी खातो: ४ गाई, ४ मेंढ्या, १२ हंस, ३७ बदकं, ४६ टर्की, ४६ डुकरं आणि ९४५ कोंबड्या. त्याच महिन्यात ‘आता पुरे झालं’ अशा घोषणेखाली औद्योगिक शेतीविरुद्ध बर्लिनमध्ये मोर्चा निघाला. हा मोर्चा २०११ पासून दर जानेवारीत निघतो आणि हजारोंच्या संख्येने लोक, त्यात ट्रॅक्टर घेऊन आलेले शेतकरीही, त्यात चालतात. आणि त्याच महिन्यात लोअर सॅक्सनी या डुकरं-कोंबड्यांच्या राज्यात विधानसभेची निवडणूक झाली. ग्रीन पक्षाने तिथे १३.७ टक्के मतं मिळवली, सत्तेत वाटा मिळवला आणि कृषी खातं घेतलं. प्रचारात पशुपालनाचे प्रचंड कारखाने हा मोठा मुद्दा होता. बर्लिनमधल्या नेत्यांना वाटलं, लोक या विषयावर आपल्यासोबत आहेत. वाटायला आधार होता.

मोहिमेचा चेहरा होत्या रेनाटे क्युनास्ट. संसदेतल्या पक्षगटाच्या सहनेत्या. २००१ साली वेड्या गाईच्या रोगाने जर्मनी हादरलं, जुन्या कृषिमंत्र्यांना जावं लागलं, तेव्हा कृषिमंत्रिपद क्युनास्ट यांच्याकडे आलं. खात्याच्या नावात ‘ग्राहक संरक्षण’ हा शब्द तेव्हा आला आणि तोही शेतीच्या आधी. सेंद्रिय मालावरचा षटकोनी हिरवा शिक्का त्यांच्याच काळातला. जर्मन ग्राहकाने हा शिक्का बिनबोभाट स्वीकारला. तो पाकिटावर होता, घ्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं.

आणि व्हेजी डे हा काही त्यांच्या डोक्यातून निघालेला प्रकार नव्हता. बेल्जियममधल्या गेंट शहराने १३ मे २००९ पासून गुरुवार हा शाकाहाराचा दिवस म्हणून सुरू केला होता. ती मोहीम एव्हा नावाच्या शाकाहारी संघटनेची. नगरपालिकेतले टॉम बाल्थाझार त्यामागे उभे राहिले. पण सुरुवात कुठून झाली ते पाहण्यासारखं आहे. आधी खानावळींना गाठलं, गुरुवारी निदान एक चांगला शाकाहारी पदार्थ ठेवा म्हणून. कुठे काय मिळतं त्याचे नकाशे छापून वाटले. मग शरद ऋतूत शाळा आल्या. तिथे गुरुवारचं नेहमीचं जेवण शाकाहारी झालं, आणि ज्या घराला मुलासाठी मांसच हवं होतं त्याला तसं सांगायची सोय राहिली. जगभरातून बातमीदार गेंटला जाऊन आले. जर्मनीत ब्रेमेन शहराने जानेवारी २०१० मध्ये हाच गुरुवार उचलला. तिथे पुढाकार नागरिकांच्या प्रतिष्ठानाचा होता आणि समाजवादी महापौरांनी पाठिंबा दिला होता. थोडी कुरकुर झाली, पण आग कुठे लागली नाही.

ताटामागची आठवण

आग का लागली नाही आणि मग का लागली, हे समजायला जर्मन ताटाचा इतिहास थोडा उलगडावा लागतो.

ऑक्टोबर १९१५. महायुद्धाचं दुसरं वर्ष, ब्रिटिश नौदलाची नाकेबंदी. सरकारने वटहुकूम काढला: मंगळवारी आणि शुक्रवारी मांस विकायचं नाही, खानावळीत वाढायचं नाही. त्याच वर्षी वसंतात, डुकरं माणसांच्या वाटचे बटाटे आणि धान्य खातात म्हणून, लाखो डुकरं एकदम कापली होती. पुढच्या वर्षी बटाट्याचं पीक गेलं आणि १९१६-१७ चा हिवाळा लोकांनी गुरांना घालायच्या सलगमांवर काढला. ‘सलगमांचा हिवाळा’ हे नाव आजही शाळेच्या पुस्तकात आहे. ऑक्टोबर १९३३ मध्ये नाझी राजवटीने महिन्यातला एक रविवार ‘एकाच भांड्यातल्या जेवणा’चा ठरवला. साधं जेवा, वाचलेले पैसे हिवाळी मदतनिधीत द्या. पैसे गोळा करायला माणसं दारावर यायची, आणि कोण देत नाही हे गल्लीला कळायचं. मग १९४६-४७ चा उपासमारीचा हिवाळा. शहरातली माणसं चांदीचे चमचे आणि गालिचे घेऊन खेड्यात जायची आणि बटाटे, डुकराच्या चरबीचा तुकडा घेऊन परतायची.

म्हणून युद्धानंतरच्या पश्चिम जर्मनीत रविवारचं भाजलेलं मांस हे नुसतं जेवण राहिलं नाही. दिवस पालटले याचा तो पुरावा होता. बर्लिनमध्ये १९४९ च्या सप्टेंबरात हेर्टा हॉयवर या बाईंनी आपल्या टपरीवर सॉसेजवर टोमॅटो आणि करी पावडरचा रस्सा घालून विकायला सुरुवात केली. करीवुर्स्ट ती हीच. पडझड झालेल्या इमारतींचे ढिगारे उपसणारे मजूर ती खायचे.

आजीच्या तोंडून हे सगळं ऐकत वाढलेल्या माणसाला ‘आठवड्यातला एक दिवस मांसाशिवाय’ हे शब्द कसे ऐकू येत असतील? २०१३ च्या ग्रीन पक्षाची तुलना त्या काळांशी करणं सरळ अन्याय आहे, आणि मी ती करत नाही. पण वार ठरवून मांस टाळायला सांगणारं सरकार जर्मन आठवणीत एकदा नाही, अनेकदा येऊन गेलेलं आहे. कॅथलिक घरांतला शुक्रवारचा मासा मात्र कोणाला खुपत नव्हता. तो वार आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला होता.

मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगायची गरज नाही. श्रावण पाळणारी घरं आपल्याकडे भरपूर आहेत. महिनाभर मासळी न शिवणारा माणूस आदल्या अमावस्येला पोटभर मटण खातो आणि यात त्याला कुठेच जबरदस्ती वाटत नाही. तीच माणसं सप्टेंबर २०१५ मध्ये पर्युषणाच्या काळात मुंबईत मांसविक्री बंद ठेवायचा हुकूम निघाला तेव्हा खवळली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि विक्रीवरच्या बंदीला स्थगिती मिळाली. मुंबईत निदान खरोखर बंदीचा हुकूम होता. जर्मनीत तर तोही नव्हता, फक्त त्याची सावली होती.

सात आठवडे

क्युनास्ट यांनी ‘बिल्ड’पाशी जे सांगितलं त्याचा आशय साधा होता: मांस आणि सॉसेजशिवाय एकदा जेवून बघायला व्हेजी डे हा छान दिवस आहे. मथळा झाला बंदीचा. मग जे व्हायचं ते झालं. सत्तेत असलेल्या उदारमतवादी एफडीपीचे नेते रायनर ब्र्युडर्ले यांनी विचारलं, पुढे काय, तागाच्या पिशवीचा दिवस, सायकलचा दिवस, हिरव्या शर्टाचा दिवस? माणसं शहाणी आहेत, कधी काय खायचं ते त्यांना कळतं. हे वाक्य लोकांच्या मनात घर करून बसलं, कारण त्यात तथ्य होतं. ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि त्यांचा बव्हेरियन भाऊ-पक्ष यांनाही आयतं कोलीत मिळालं. बव्हेरियात तर त्याच सप्टेंबरात राज्याचीही निवडणूक होती.

ग्रीन नेते पुढचे कित्येक दिवस एकच गोष्ट समजावत राहिले: बंदी नाही, शिफारस आहे, सगळीकडे नाही, सार्वजनिक कॅन्टीनमध्ये, रोज नाही, एक दिवस. प्रत्येक स्पष्टीकरण खरं होतं, आणि प्रत्येक स्पष्टीकरणाबरोबर विषय आणखी एक दिवस जिवंत राहत होता. शेणखताचे तलाव, नायट्रेट, सोया, खाटीकखान्यात राबणारे पूर्व युरोपातले कामगार, यांपैकी काहीही चर्चेत येईना. चर्चा एवढीच की आमच्या ताटात डोकावणारे तुम्ही कोण.

मला यात सर्वांत जास्त वाईट वाटतं ते याचं. इतकी वर्षं गोळा केलेली माहिती, १०९४ प्राण्यांचा तो हिशेब, मोर्चात थंडीत चाललेले शेतकरी, या सगळ्याच्या वतीने बोलायला उरली ती एक ओळ, आणि ती ओळच कच्ची होती.

‘बघा’ आणि ‘व्हावं’

ती कच्ची का होती? क्युनास्ट यांचा शब्द आणि जाहीरनाम्याचा शब्द शेजारी ठेवा. क्युनास्ट म्हणाल्या, करून बघायला. जाहीरनामा म्हणाला, स्टँडर्ड व्हावं. आपल्या भाषेतही ‘खाऊन बघा की’ आणि ‘असंच असावं’ यांच्यात केवढं अंतर आहे. पहिल्या वाक्यात वाढणारा समोर उभा असतो, त्याला नाही म्हणता येतं. दुसऱ्या वाक्याला कर्ताच नाही. कोणी करायचं, कोणी ठरवायचं, न पटणाऱ्याने काय करायचं, काहीच कळत नाही. आणि कर्ता नसलेल्या वाक्यात माणूस सरकारला बसवतो. ‘बिल्ड’ने नेमकं तेच केलं. मथळा खोटा होता हे मान्य करूनही मी म्हणेन की त्याला जागा त्या वाक्याने करून दिली.

दुसरी चूक जागेची. कॅन्टीन. जाहीरनामा लिहिणाऱ्यांना वाटलं असणार की कॅन्टीन ही सौम्य जागा आहे, कोणाच्या घरात तर शिरत नाही आपण. खरं उलटं आहे. घरी माणूस फ्रिज उघडून हवं ते खातो. कॅन्टीनमध्ये तो रांगेत उभा राहतो आणि समोर जे आहे त्यातलंच घेतो. कमी पगाराच्या माणसाला दुपारी बाहेर जाऊन दुसरं काही खाणं परवडत नाही. संसदेतल्या माणसाला परवडतं. जर्मन कंपन्यांत दुपारी बाराच्या सुमारास लोक एकमेकांना ‘माल्त्साइट!’ म्हणतात, ‘जेवणवेळ!’ एवढाच त्याचा अर्थ, पण ते दिवसाचं अभिवादन आहे. आणि जर्मन कामगार कायद्यानुसार कॅन्टीनसारख्या सुविधांच्या कारभारात कामगारांच्या निवडून दिलेल्या समितीला सहनिर्णयाचा हक्क असतो. भाव, वेळा, सोय, यांवर वर्षानुवर्षं वाटाघाटी होत आलेल्या आहेत. म्हणजे ताटात काय पडतं हे ठरवायची एक चालू रीत त्या देशात होतीच. सरकारी कार्यालयांतही कर्मचाऱ्यांच्या अशा समित्या असतात. जाहीरनाम्यातल्या वाक्यात त्यांचा उल्लेख नाही, आचाऱ्याचा नाही, जेवणाऱ्याचा नाही.

गेंटमध्ये आधी आचारी होता. एव्हाच्या लोकांना ठाऊक होतं की वाईट शाकाहारी जेवण हा शाकाहाराचा सर्वांत मोठा शत्रू. उकडलेली फुलकोबी आणि पांढरा सॉस दर गुरुवारी समोर आला तर शुक्रवारी माणूस दोन सॉसेज जास्त खाईल. जर्मनीतल्या या वादात जेवण चवदार कसं होणार यावर कोणी बोललंच नाही. मसूर, बटाटे, कोबी, अळंबी, राय, चीज, शेवयांसारखे श्पेट्झले, अशा गोष्टी त्यांच्याच स्वयंपाकघरात आहेत, मांस न घालता केलेले आजीचे शेकडो पदार्थ आहेत. ‘व्हेजी डे’ हे नावसुद्धा इंग्रजी. आजीच्या मसुराच्या रश्श्याला परक्या भाषेतल्या मोहिमेचा बिल्ला लावला की तो रस्सा आपला वाटेनासा होतो.

पराभवाचा हिशेब

२२ सप्टेंबरला ग्रीन पक्षाला ८.४ टक्के मतं मिळाली. २००९ मध्ये १०.७ होती, आणि उन्हाळ्याआधीच्या चाचण्यांत तर आकडा त्याच्याही बराच वर दिसत होता. ६३ जागा. पक्षाची बरीचशी वरची फळी बाजूला झाली. युर्गेन ट्रिटिन, क्युनास्ट, क्लाउडिया रोट यांनी नेतृत्वाची पदं सोडली.

व्हेजी डेमुळेच हे झालं, असं नंतर फार सहज म्हटलं गेलं. ते खरं नाही. पक्षाने ८० हजार युरोंच्या वरच्या उत्पन्नावर ४९ टक्के कर आणि संपत्तीवर खास आकारणी मागितली होती, आणि आपल्यावर तो पडेल अशी भीती ज्यांच्यावर तो पडणार नव्हता त्यांनाही वाटली. १९८० च्या दशकात पक्षातल्या काही गटांनी मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांबाबत घेतलेल्या अक्षम्य भूमिकांचा इतिहास नेमका त्याच महिन्यांत बाहेर येत होता, आणि मतदानाच्या आदल्या आठवड्यात ट्रिटिन यांचं नाव १९८१ च्या एका स्थानिक जाहीरनाम्याशी जोडलेलं निघालं. जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर चढलेला पाठिंबा चॅन्सेलर मेर्केल यांनी अणुऊर्जा सोडायचा निर्णय घेतल्यावर ओसरतच होता. आणि स्वातंत्र्याच्या नावाने सर्वांत मोठा आवाज करणारी एफडीपी ४.८ टक्क्यांवर अडकून १९४९ नंतर पहिल्यांदाच बुंडेस्टागबाहेर फेकली गेली. ताटाच्या स्वातंत्र्याने तिलाही वाचवलं नाही.

मग व्हेजी डेचं ओझं किती? माझं मत असं: त्याने मतं किती नेली हे सांगता येत नाही, पण बाकी सगळ्या तक्रारींना त्याने एक चित्र दिलं. कराचा प्रस्ताव समजायला गणित लागतं. ‘हे तुमची सॉसेज काढून घेणार’ हे समजायला काही लागत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये हांबुर्गच्या अधिवेशनात पक्षाने भूमिका बदलली. गुरुवारी कोणी मांस खातं की नाही याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, अशा आशयाची भाषा आली. लढाई औद्योगिक पशुपालनाशी आहे, जेवणाऱ्याशी नाही. हे शहाणपणाचं होतं. पण त्यात एक नुकसानही झालं. सर्वांत जास्त माहिती असलेला पक्षच जेवणाबद्दल गप्प बसला. त्या वेळचे पक्षाचे सहअध्यक्ष जेम ओझ्डेमिर, स्वतः शाकाहारी, २०२१ च्या डिसेंबरात देशाचे अन्न आणि कृषिमंत्री झाले, आणि कोणी काय खावं हे सांगायला मी आलेलो नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

आणि मांस कमी झालं

२०१८ पर्यंत मांसाचा आकडा साठ किलोच्या आसपासच हलत होता. नंतर तो घसरू लागला आणि २०२२ मध्ये सुमारे ५२ किलोवर आला. यात महागाई आहे. कोविडच्या पहिल्या उन्हाळ्यात रेडा-वीडेनब्र्युक इथल्या टोनिएस कंपनीच्या खाटीकखान्यात दीड हजारांच्या आसपास कामगारांना लागण झाली आणि स्वस्त मांसामागची दाटीवाटीची घरं, कंत्राटी मजुरी सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिली, तेही यात आहे. आणि र्‍युगेनवाल्डर म्युले यात आहे. १८३४ पासून सॉसेज बनवणाऱ्या या कंपनीने २०१४ च्या अखेरीस शाकाहारी काप बाजारात आणले. त्याच रंगाचं पाकीट, त्याच फडताळात, त्याच नावाने. २०२० च्या जुलैत तिची शाकाहारी मालाची विक्री मांसाच्या विक्रीच्या पुढे गेली. जाहीरनाम्याला जे जमलं नाही ते एका खाटकाच्या दुकानातून निघालेल्या घराण्याने केलं. तिथे ‘बघा’ होतं.

‘व्हावं’ मात्र अजूनही तितकंच महागात पडतं. ऑगस्ट २०२१ मध्ये फोक्सवॅगनने वोल्फ्सबुर्गच्या मुख्यालयातल्या एका कॅन्टीनमधून मांस काढलं. ही कंपनी १९७३ पासून स्वतःची करीवुर्स्ट बनवते, आणि तिला गाडीच्या सुट्या भागांसारखा क्रमांक आहे: १९९ ३९८ ५०० ए. आपल्या चाकणच्या कारखान्यात ज्यांनी काम केलं आहे त्यांना ही क्रमांकांची शिस्त ओळखीची वाटेल. काही वर्षं कंपनीने स्वतःच्या नावाच्या गाड्यांपेक्षा सॉसेज जास्त बनवल्या. माजी चॅन्सेलर गेरहार्ड श्रोडर यांनी लगेच लिहिलं की करीवुर्स्ट हा कुशल कामगारांचा शक्तीचा खाऊ आहे आणि आपण कंपनीच्या देखरेख मंडळावर असतो तर असं होऊ दिलं नसतं. रस्ता ओलांडला की दुसऱ्या कॅन्टीनमध्ये ती मिळतच होती. तरीही देशभर पुन्हा तोच वाद, तीच वाक्यं. दोन वर्षांनी सॉसेज मुख्यालयात परत आली.

त्याच ऑगस्टमध्ये बर्लिनच्या विद्यार्थी कॅन्टीननीही जाहीर केलं की ऑक्टोबरपासून जवळपास सगळं जेवण व्हीगन किंवा शाकाहारी असेल आणि मांसाचा एकच पदार्थ आठवड्यातले चार दिवस मिळेल. हे २०१३ च्या मागणीच्या कितीतरी पुढचं होतं. वर्तमानपत्रांत बातमी आली, टीका झाली, पण कॅन्टीन मागे हटली नाहीत. विद्यार्थ्यांनीच ते मागितलं होतं, आणि मांस ज्याला हवं होतं त्याच्यासाठी खिडकी उघडी होती. फ्राइबुर्गच्या नगरपालिकेने २०२२ मध्ये बालवाड्या आणि प्राथमिक शाळांसाठी एकच, शाकाहारी जेवण ठरवलं. तिथे मात्र पालक रागावले, आणि मला त्यांचा राग समजतो. मुलाला निवड नाही आणि घराला विचारणा नाही.

जर्मन पोषण संस्था शाळांच्या जेवणासाठी एक मार्गदर्शिका काढते. तिच्या २०२० च्या आवृत्तीनुसार मिश्र आहाराच्या पाच दिवसांत मांस जास्तीत जास्त एकदा. म्हणजे पाचातले चार दिवस मांसाशिवाय. बहुतेक ठिकाणी ती बंधनकारक नाही. ज्या शाळांनी घेतली त्यांनी आपापल्या आचाऱ्यांशी आणि पालकांशी बोलून घेतली. मुलं मसुराचा रस्सा, चीज घातलेलं श्पेट्झले, टोमॅटोचा पास्ता खातात. या मार्गदर्शिकेचं नाव आहे ‘गुणवत्ता स्टँडर्ड’.